सगळ्याच बरण्या बद्द

आमच्या ह्यांचा कान म्हणजे कारखान्यातला शेवटचा शब्द. चिनी मातीच्या बरण्या भट्टीतून निघाल्या की यांच्यापुढे यायच्या. हे लाकडी दांडीने एकेक वाजवायचे. खणखणीत वाजली तर पुढे. बद्द वाजली तर आत चीर आहे, म्हणून मागच्या ढिगात. तेवीस वर्षं हेच काम. घरी पाहुण्यांसमोर पेलेसुद्धा वाजवून दाखवायचे, एवढा तोरा.

सहा वर्षांपूर्वी कारखान्यात सगळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा यांच्या रक्तात चरबी दुपटीने निघाली. सासूबाईंचंही तेच होतं, आणि त्यांना पन्नाशीतच कमी ऐकू यायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. मला काय धाड भरलीय, म्हणत यांनी कागद खणात टाकला. धाड भरली ती माझ्या भावाला.

माझा धाकटा भाऊ तिथेच भट्टी सांभाळायचा. गेल्या वर्षी बद्द बरण्या वाढल्या. शंभरात चार निघायच्या, त्या तिसावर गेल्या. हे रोज मेहुण्याच्या नावाने बोटं मोडायचे, भट्टी घाईने थंड करतो म्हणून. मालकांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. यांच्या कानापुढे कोण बोलणार? भावाला काढून टाकलं. जाताना त्याने ढिगातली एक बरणी माझ्याकडे आणून ठेवली. ताई, यात पाणी भरून बघ, म्हणाला. मी मेली नवऱ्याच्या कानावर विश्वास ठेवून बसले. बरणीत कपड्यांचे चिमटे भरले.

भट्टीवर नवा माणूस आला, तरी बद्द बरण्या तेवढ्याच. तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. यांना बळेच कान तपासायला नेलं. बोलणं नीट ऐकू येत होतं, पण बारीक, उंच आवाज पार गेले होते. बरणीचा खणखणाट त्यातच असतो. म्हणजे धडधाकट बरणीही यांना बद्द वाजत होती.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कानाच्या आत सुतासारख्या रक्तवाहिन्या असतात. रक्तात चरबी फार झाली की तिथला पुरवठा कमी पडू शकतो. शिवाय कानातल्या पेशींमधली काही जनुकं मंदावतात, काही जास्त काम करायला लागतात, असंही संशोधनात दिसतंय, पण ते अजून पक्कं नाही. यांच्या बाबतीत कदाचित हेच कारण असेल, कदाचित वय. गेलेलं मात्र परत येणार नाही.

यांनी त्यातलं "कदाचित" तेवढं उचललं.

घरी येऊन मी चिमटे ओतले, बरणी पाण्याने काठोकाठ भरली आणि स्वयंपाकघरात कागदावर ठेवली. दोन दिवसांनीही कागद कोरडा. हे येताजाता कागदाकडे बघायचे. तिसऱ्या सकाळी दांडी घेऊन निघाले, तशी मी दारात आडवी उभी राहिले.

"माझ्या भावाची चूक नव्हती, हे मालकांना आज सांगणार ना?"

"डॉक्टरच कदाचित म्हणतात," हे चपला घालत म्हणाले.

"ते कारणाबद्दल. कान गेलाय, यात कदाचित नाही."

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सांगितलं तर उद्यापासून मीही घरी. तुझा भाऊ तरुण आहे, लागेल कुठेही."

संताप तर फार झाला. पण घर यांच्याच पगारावर चालतं. मी दारातून बाजूला झाले.

रविवारी भाऊ यायचा होता. त्याच्या आधी मी पाणी ओतून टाकलं, बरणी पुसली आणि चिमटे पुन्हा आत भरले.