मधली जागा

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, इतके नीटनेटके की पाहुण्यानं चप्पल तिरकी काढली तर आधी चप्पल सरळ करत आणि मग पाहुण्याला ‘या’ म्हणत. मी एकदा मुद्दाम सोफ्यावरची उशी उलटी ठेवली, तर त्या माणसाच्या घशाखाली चहा उतरेना. मला त्यांचा राग होता. ते वारले म्हणून तो तसूभरही कमी झालेला नाही.

ते कारखान्यात वायरमन होते. यंत्राशेजारच्या लोखंडी कपाटात एक पट्टी असते, तिच्यावर बोटभर रुंदीची मॉड्यूलं एकाला एक चिकटून खटाखट बसवायची. काही यंत्राकडून खबर आणतात, काही यंत्राला हुकूम पोचवतात : दिवा लाव, पंखा फिरव, जबडा मिट. हे हुकूम सोडणारा कंट्रोलर त्यांना ओळखतो तो फक्त रांगेतल्या जागेवरून. म्हणून नवं मॉड्यूल शेवटी लावायचं. मध्ये घुसवलं आणि प्रोग्राम बदलला नाही, तर पुढची सगळी एकेक घर सरकतात आणि एकाचा हुकूम दुसऱ्याला जातो. हे मला ताईनं समजावलं. लग्नाआधी ती अशीच कपाटं जुळवायच्या कामावर होती. दोघांची ओळखही तिथलीच.

आमचा धाकटा भाऊ भाऊजींच्याच कारखान्यात प्रेसवर, म्हणजे जबड्यात पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर होता. भाऊजींनीच त्याला चिकटवला होता आणि ते ऐकवायची एकही संधी ते सोडत नसत. धाकट्याला त्याचं काही नाही. भाऊजी म्हणतील ती पूर्व दिशा.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या प्रेसला आणखी एक पंखा जोडायचा होता. त्यासाठी एक मॉड्यूल वाढवायचं. पण रांगेत आधी पंख्यांची मॉड्यूलं होती, मग जबड्याचं आणि शेवटी दिव्यांची. दिव्यांमागे पंख्याचं एकटंच मॉड्यूल भाऊजींच्या डोळ्यांत खुपलं. त्यांनी ते पंख्यांच्या शेजारी, मध्ये बसवलं. किती सुरेख दिसलं असेल! प्रोग्राम बदलायला कुणाला सांगितलं नाही, यंत्र चालवून पाहिलं नाही. हात धुऊन जेवायला गेले.

धाकटा सुट्टीवरून आला. साच्यात पत्र्याचा तुकडा अडकला होता. तो काढायला त्यानं आत हात घातला आणि नीट दिसावं म्हणून दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. जबडा मिटला.

उजव्या हाताची चार बोटं गेली. लोक त्याला गाडीत घालत होते तेव्हा भाऊजी गाडीकडे नाही, कपाटाकडे धावले. साहेब चौकशीला आले तोवर नवं मॉड्यूल मुकाट शेवटी बसलेलं होतं. बटण दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा लागला. यंत्र निर्दोष, माणूस हलगर्जी. धाकट्याला घरी बसवलं.

दवाखान्यातून तो ताईकडेच राहायला आला. पहिल्याच जेवणाला त्यानं विचारलं, “भाऊजी, मी दिव्याचंच बटण दाबलं होतं हो. त्या यंत्राची तार न् तार तुम्हाला ठाऊक. असं होऊ शकतं का?”

मी समोरच होते. भाऊजींनी पाण्याचा पेला ताटाच्या रेषेत आणून ठेवला.

“नाही,” ते म्हणाले. “तुझं लक्ष नव्हतं.”

ताई त्याला घास भरवत होती. तिचा हात जरासुद्धा थांबला नाही.

तेव्हापासून माझा भाऊ स्वतःला वेंधळा म्हणू लागला. कुलूप लावलं तरी परत जाऊन ओढून बघायचा. ठरलेलं लग्न त्यानंच मोडलं. “उद्या मूल माझ्या हातून पडलं म्हणजे?” म्हणाला. आणि भाऊजी चारचौघांत छाती फुगवून सांगत, “मेहुण्याला मी पोसतोय.”

भाऊजी वारल्यावर आम्ही दोघी बहिणी त्यांची हत्यारं आवरत बसलो होतो. ताईनं भाजीचा भाव सांगावा तसं मला सगळं सांगितलं. अपघाताच्या दिवशीच तिनं त्यांना विचारलं होतं, “कुठं बसवलंत?” आणि ते रडत म्हणाले होते, “मध्ये.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तेवढ्यात धाकटा आत आला. त्याला आठवण म्हणून भाऊजींचा एक स्क्रूड्रायव्हर हवा होता.

“केवढा नीटनेटका माणूस,” तो म्हणाला. “माझ्यासारख्या वेंधळ्याला सांभाळलं त्यांनी.”

“तू वेंधळा नव्हतास,” मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. ताई डोळे वटारत राहिली. मी थांबले नाही.

तो भाऊजींच्या फोटोकडे बघेल असं मला वाटलं होतं. त्यानं बघितलं ताईकडे.

“तुला माहीत होतं?”

“त्यांची नोकरी गेली असती तर काय खाल्लं असतं आपण?” ताई म्हणाली. “तुला काही कमी पडू दिलं का? या हातानं घास भरवलेत मी तुला.”

धाकट्यानं उरलेल्या अंगठ्यानं ओठ पुसले. मग पुन्हा पुसले. लाल होईपर्यंत तो पुसतच राहिला.