डायरेक्टरसाहेबांचा संशय

आमच्या डायरेक्टरसाहेबांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. हे मी अलंकारिक लिहीत नाही. शूटिंगच्या वेळी ती चुकीच्या बाजूला पडली, तर लाइटवाल्याला काही न म्हणता ते सावलीकडेच डोळे वटारून बघत. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तिथं गाद्यांच्या जाहिराती करता करता सिनेमात शिरले आणि मग ऑस्ट्रेलिया सोडून जगभर सिनेमे काढत हिंडले. बहारीनला आले ते युरोपातल्या एका स्टेशनावरच्या हिवाळ्याची गोष्ट घेऊन. सलमाबादमधलं आमच्या कंपनीचं रिकामं गोदाम त्यांनी भाड्यानं घेतलं, आणि किल्ल्या माझ्याकडे असल्यामुळे साहेबही माझ्याच वाट्याला आले. बाहेर डोकं तापवणारं ऊन, आत कागदाचं बर्फ, आणि त्यात लोकरीचे कोट घालून घामाघूम झालेले नट.

साहेबांच्या मते त्यांच्या आयुष्यात एकही गोष्ट आपोआप बिघडली नव्हती. मोरोक्कोत उंटवाले निर्मात्याला सामील होते. रुमानियात नायिकेला झालेली सर्दी ठरवून झालेली. थायलंडच्या पावसाबद्दल सांगताना तर ते आवाज खाली आणत. "इतका वेळेवर पडायचा, की कोणीतरी त्याला आमचं वेळापत्रक दिलं असणार." शॉट चांगला झाला म्हटलं की विचारत, "चांगला? मग तू खाली का बघतोयस?" एकदा माझ्या बायकोनं, रुखसानानं, त्यांच्यासाठी घावने आणि नारळाचा रस धाडला. साहेबांनी घावन उजेडात धरलं आणि त्याच्या जाळीतून माझ्याकडे रोखून बघितलं.

"तिला सिनेमात काम हवंय?"

"नाही साहेब. तुम्ही फार वाळलात म्हणाली."

दुपारभर विचार करून त्यांनी सगळी घावने खाल्ली. "उद्या पाठवू नको म्हणावं," ते म्हणाले, "म्हणजे मला कळेल की तिला काही नको होतं." दुसऱ्या दिवशी घावने आली नाहीत, तर साहेब दिवसभर रुसून बसले.

असं सगळं चाललेलं असताना एका सकाळी त्यांची मुलगी गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली. तिशीतली, हातात बॅग, थेट विमानतळावरून आलेली. साहेबांनी हातातला कर्णा खाली ठेवला.

"कोणी पाठवलं तुला?"

"कोणी नाही, डॅड."

"निर्मात्यानं? सिनेमा गुंडाळायला सांगितलंय?"

"तुम्हाला बघून फार दिवस झाले, म्हणून आले."

साहेबांनी मला बाजूला घेऊन तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं. मी ठेवली. ती दिवसभर एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसे आणि बापाकडे बघत राही. नटांकडे नाही, कॅमेऱ्याकडे नाही. संध्याकाळी मी साहेबांना सांगे, "मफी, साहेब. काहीच नाही."

"काहीच नाही? तेच तर संशयास्पद आहे."

तिची रजा संपली तेव्हा दोघांना मीच विमानतळावर नेलं. आत जाण्याआधी तिनं बापाला मिठी मारली. साहेबांचे हात आधी तसेच लोंबत राहिले, मग हळूच तिच्या पाठीवर आले. ती दिसेनाशी झाल्यावर ते गाडीत येऊन बसले.

"काही मागितलं नाही तिनं."

"नाही, साहेब."

"नुसती बघायला आली होती?"

"हो."

"इतके देश फिरलो," ते म्हणाले, "तिला एकदाही कुठं बोलावलं नाही. मला वाटायचं, आली तर काहीतरी मागेल."

मी किल्लीला हात घातला. "यल्ला, साहेब? निघायचं?"

"थांब जरा," ते म्हणाले. "विमान उडू दे."