कोळीवाड्यानं दुरुस्त केलेली माझी कला

गेल्या शनिवारी मुरुडच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यात माझ्यासोबत जे झालं, ते कर्वेनगरमधल्या अर्ध्या लोकांना आतापर्यंत सांगून झालंय. उरलेल्या अर्ध्यांसाठी ही पोस्ट...

आमच्या शेजारच्या शीतलचं ते माहेर. दर थंडीत तिथली मंडळी किनाऱ्यावर छोटा कला महोत्सव करतात. घरांच्या भिंती रंगवतात, होड्या सजवतात, संध्याकाळी वाजतगाजत कोळीनाच. यंदा बाहेरचाही एक कलाकार हवा असं ठरलं आणि शीतलने माझं नाव सुचवलं.

मी कातरकाम करते. म्हणजे सोसायटीच्या गणपतीची मखरं, ओळखीपाळखीतली रुखवतं... पन्नाशी आली, पण 'कलाकार' म्हणून मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. महोत्सवाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात अक्षरशः उडी मारली. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "अहो कलाकार, कुकर बंद करा."

माझी कल्पना साधी होती. शीतलच्या काकांनी, म्हणजे नानांनी, घरात पडून असलेलं, बोटभर मांदेली पकडायचं जुनं जाळं दिलं. बारीक डोळ्यांचं, उन्हापाण्यानं करडं पडलेलं. त्यात कात्रीने हातभर लांब माशांचे आकार कापायचे आणि ते जाळं बांबूंवर उभं ताणायचं. सकाळी ऊन आलं की वाळूवर जाळ्याची सावली पडणार आणि त्या सावलीत उजेडाचे मासे पोहणार!

शनिवारी सकाळी सगळा गाव बंदरावर मासळीच्या लिलावाच्या गडबडीत. मी एकटीच वाळूत बसून कापत होते. हाताला फोड आले, पण मासे काय सुरेख उतरले म्हणून सांगू... शेपट्या, पर, सगळं. उद्या सकाळी पाहुण्यांसमोर माझं पहिलंवहिलं प्रदर्शन! जाळं तिथेच पसरून ठेवून मी आणि शीतल बांबू आणायला गेलो, ते पार दिवस मावळल्यावर परतलो.

जाळ्याभोवती ही गर्दी! मला वाटलं, लोक आत्ताच बघायला आले. आनंदाने जवळ गेले... तर मासे कुठेत? एकही मासा नाही.

शीतलची काकू हातातली सुई ठेवून हसत उठली. "ताई, फाटका जाला लोकांसमोर कसा लावाचा? पावनी काय बोलतील कोलीवाड्याला? आमी सगल्यांनी मिलून भरून टाकला."

त्या गावात फाटलेलं जाळं दिसलं की रिकामा हात स्वस्थ बसत नाही. जाळं कुणाचं, ते फाटलं कसं, हे कुणी विचारत नाही. महोत्सवाची कामं, घरातला स्वयंपाक, सगळं बाजूला ठेवून त्या बायका आणि दोन म्हातारे दुपारभर माझे मासे बुजवत बसले होते. पुण्याच्या पाहुणीची इज्जत राखायला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कौतुकाचं नव्हतं. शीतलने डोळ्यांनीच विचारलं, सांगू का यांना? मी मानेनेच नको म्हटलं. काकूने पुढे केलेला चहा घेतला आणि 'फार छान झालंय' म्हणाले. पुणेकर असून मी तोंडदेखलं कौतुक केलं, यावरून प्रसंग ओळखा.

रविवारी सकाळी ते धडधाकट जाळं मी बांबूंवर ताणलं. दुसरं लावणार तरी काय! पाहुणे यायला लागले होते. मला तिथून थेट स्वारगेटची एसटी पकडावीशी वाटत होती.

आणि मग माडांमागून ऊन वर आलं...

ज्याच्या घरी जो दोरा उरला होता, तो त्याने आणला होता. केशरी, हिरवा, निळा, एक तर चक्क गुलाबी. करड्या जाळ्यात उन्हाने एकेक मासा पेटला! शेपट्या, पर, सगळं मी कापलं होतं तस्संच... फक्त रंगांनी भरलेलं. आदल्या दिवशी संधिप्रकाशात, जाळं वाळूत चुरगळून पडलेलं असताना, हे मला दिसलंच नव्हतं.

मी ओरडलेच, "अगं शीतल, मासे!" काकू दूरवर स्टॉल लावत होती, ती धावत आली. जाळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "म्हंजे ती भोकं तुमी मुद्दाम कापलेली?"

मी हो म्हटलं. आधी तिचा चेहरा पडला, मग ती अशी हसत सुटली की स्टॉलवरच्या सगळ्या बायका गोळा झाल्या. पुढचा तासभर फोटोच फोटो. "ह्यो निला मासा माजा!" म्हणत प्रत्येकीने आपापल्या माशाशेजारी उभं राहून काढले. मीही काढले, प्रत्येकीबरोबर!

संध्याकाळी मी जाळं गुंडाळायला घेतलं. ते सोसायटीच्या हॉलमध्ये लावायचं, असं मनात पक्कं केलं होतं. पण नाना घुटमळत होते. शेवटी म्हणाले, "ताई, जाला आता मजबूत झाला. तुमाला नको असंल तं... यो सीझन काढील."

हवं होतं हो मला! माझं पहिलं काम होतं ते. दोन मिनिटं हातात धरून उभी राहिले, आणि दिलं.

काल शीतलने फोटो पाठवला. नानांची होडी, ओलं जाळं, आणि गुलाबी माशाच्या पोटात अडकलेली एक खरीखुरी मांदेली.

नवऱ्याला दाखवला. या वेळी त्याने पेपर खाली ठेवला. मला तर इतका आनंद झालाय की काय सांगू... माझं प्रदर्शन अजून चालू आहे, फक्त ते बघायचं तर समुद्रात जावं लागेल.