उस्तादांचा पहिला चहा

मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते, देवाने हातावर प्रसाद ठेवला तरी मी आधी तो हुंगून बघेन. बघेनच. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही, कारण ज्या क्लबात माझी उमेदीची वर्षं गेली तिथं भोळा माणूस पहिल्या आठवड्यातच चेष्टेचा विषय व्हायचा.

क्लब म्हणजे आमचा फुटबॉलचा संघ. औरंगाबादच्या जुन्या शहरातला, निजामाच्या काळात निघालेला. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षं बंद होता. पुन्हा उभा राहिला तेव्हा त्यात सगळेच आले: मोहल्ल्यांतली मुलं, वकील-कारकुनांची मुलं आणि माझ्यासारखे खेड्यातून शिकायला आलेले. मी वैजापूरकडचा. कॉलेजसाठी आलो, कचेरीत चिकटलो आणि क्लबात फुलबॅक म्हणून राहिलो. सत्तरच्या दशकातल्या ज्या हंगामाबद्दल मी सांगतोय, तेव्हा संघात माझ्याएवढा थोराड कुणी नव्हता. खेळाडूंच्या वतीने कमिटीतही मीच बसायचो.

क्लबात एक जुनी रीत होती. मॅच संपली की सगळे औरंगपुऱ्यातल्या एका हॉटेलात जमायचे आणि चहाचा पहिला कप कोचच्या पुढ्यात जायचा. कोचला आम्ही उस्ताद म्हणायचो. हरलो तरी पहिला कप उस्तादांचाच. आणि उस्ताद नकोसे झाले तर त्यांना तोंडावर ‘जा’ म्हणायचं नाही, एवढी तमीज जुन्या मंडळींनी पाळली होती. क्लबचे अध्यक्ष, शहरातले एक जुने वकील, हॉटेलवाल्याला डोळ्याने खूण करायचे आणि त्या दिवशी पहिला कप दुसऱ्याच कुणापुढं ठेवला जायचा. उस्ताद काय ते समजायचे, सगळ्यांना सलाम करायचे आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानावर दिसायचे नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत असे बरेच गेले. आम्हाला या रीतीचा अभिमान होता. भांडण नाही, रडारड नाही, सगळं कसं खानदानी.

त्या वर्षी आम्ही लीगमध्ये तळाला होतो. असंच चाललं तर हंगाम संपताना खालच्या गटात ढकलले जाणार हे उघड होतं. तेव्हा हैदराबादहून नवे उस्ताद आणले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, इस्त्रीच्या सदऱ्यातले. एका गिरणीच्या संघाची नोकरी सोडून, बायकोला घेऊन, बिऱ्हाड उचलून ते बेगमपुऱ्यात राहायला आले होते. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या एकाने त्यांना पहिल्या कपाची रीत गमतीने सांगून टाकली.

“अच्छा है,” ते हसून म्हणाले, “हमारे उधर तो चप्पल फेकते थे.”

मग हसणं थांबवून त्यांनी कमिटीपुढं एकच मागणी ठेवली. “मेरे कू एक साल देव. तब तक हार-जीत नक्को पूछो.”

“एक वरीस?” आमचे खजिनदार म्हणाले. “लई होतंय हो उस्ताद. तवर आम्ही राहतो का नाय!”

खजिनदार सिल्लोडचे कापसाचे अडते. गाडीत हात खुपसून मूठभर कापूस ओढायचा, बोटांनी ताणायचा आणि तिथंच भाव सांगायचा, हा त्यांचा धंदा. त्यांच्यापुढं वर्षाची गोष्ट काढणं म्हणजे थट्टाच. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. “बघू, बघू,” म्हणाले. वकिलाचं ‘बघू’ म्हणजे काय ते ज्याने कोर्टाची पायरी चढली आहे त्याला सांगायला नको.

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून खटकला. कारण सांगतो. माझी किक लांब जायची. आपल्या गोलसमोरून मारलेला चेंडू थेट पलीकडच्या गोलसमोर पडायचा आणि कडेला उभी असलेली माणसं ओरडायची. उस्तादांनी आल्या आल्या ती बंद केली. चेंडू जमिनीवरून, जवळच्या माणसाला, आणि तोंड मिटून. “चिल्लाव नक्को. देखो.” कित्येक दिवस आम्हाला गोलवर चेंडूच मारू दिला नाही. दोघादोघांनी नुसतं एकमेकांकडं ढकलत मैदानभर फिरायचं. मोठी मिशीवाली माणसं आम्ही, आणि कडेने शाळकरी पोरं बघून खिदळायची. सामने हरतच होतो. आधी हरताना निदान दमून तरी हरायचो. आता शांतपणे हरत होतो.

माझ्या मनात पाल चुकचुकली. आपल्याला हरवायलाच तर या माणसाला कुणी पाठवलं नाही ना? छावणीचा संघ आमचा जुना वैरी. आम्ही खालच्या गटात गेलो तर सगळ्यात जास्त आनंद त्यांना. आणि उस्ताद दर शुक्रवारी सरावाला सुट्टी देऊन छावणीकडं जातात, हे मला कळलं होतं.

एका शुक्रवारी मी सायकल काढली आणि त्यांच्या मागोमाग गेलो. ते चालत होते, मी अंतर ठेवून. छावणीत शिरून ते एका दवाखान्याच्या पायऱ्या चढले. बाहेर आले तेव्हा डॉक्टर त्यांना सोडायला दारापर्यंत आले होते, खांद्यावर हात ठेवून काहीतरी समजावत होते. हे डॉक्टर कोण, तर छावणीच्या प्रत्येक सामन्याला पुढच्या खुर्चीत बसणारे. मला आणखी काय पाहिजे होतं? माणूस दवाखान्यात औषधासाठीही जातो, ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. आली असती तरी मी तिला हाकलून दिलं असतं.

मी हे कुणाला बोललो नाही. संशय पक्का झाल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, हा माझा नियम. पण खजिनदारांकडं त्यांच्या वाटेने बातमी पोचलीच होती. “छावणीत काय काम असतंय त्यांचं?” त्यांनी एकदा मला आडून विचारलं. मी म्हटलं, “मला काय ठाऊक?” त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मलाही त्यात वाटा मिळत होता!

आणि मग, कसं ते सांगता येत नाही, आम्ही खेळायला लागलो. एका सामन्यात मी मान वर न करता चेंडू डावीकडं ढकलला आणि आमचा माणूस तिथं होता. तो असणारच हे मला आधीच माहीत होतं. एवढी वर्षं खेळलो, पण पाठीमागे न बघता कुणावर भरवसा ठेवण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. मला ते फार आवडलं. इतकं आवडलं की मी घाबरलो. रात्री बायकोला म्हणालो, हा माणूस वर्षभर राहिला पाहिजे. ती म्हणाली, मग तसं त्यांना सांगा की. मी म्हटलं, एवढ्यात कशाला?

माझे वडील म्हणायचे, पेरलं की रोज उकरून बघणाऱ्याच्या शेतात फक्त खड्डे उगवतात. आमची कमिटी रोज उकरून बघत होती. मी तरी दुसरं काय करत होतो?

त्यानंतर छावणीविरुद्धचा सामना आला. आजवर आम्ही त्यांच्याकडून मारच खाल्ला होता. त्या दिवशी बरोबरी झाली. शेवटी शेवटी तर त्यांचीच पळापळ चालली होती. मैदानावरून औरंगपुऱ्यापर्यंत आम्ही नाचतच आलो. उस्ताद मागून सावकाश येत होते, घामाने सदरा पाठीला चिकटलेला, आणि मी त्यांना प्रथमच गुणगुणताना ऐकलं.

हॉटेलात सगळे नेहमीच्या जागी बसलो. हॉटेलवाला आतून ट्रे घेऊन आला. पहिला कप उचलला आणि खजिनदारांपुढं ठेवला.

सगळी बडबड बंद झाली. हॉटेलवाला मान खाली घालून पुढचे कप मांडत गेला. अध्यक्षांपुढं, माझ्यापुढं, पोरांपुढं. उस्तादांपुढची जागा रिकामीच राहिली. आधीच्या उस्तादांना निदान दुसरा-तिसरा कप तरी मिळायचा. इथं कपच नाही. हॉटेलवाला रिकामा ट्रे घेऊन आत गेला.

मी अध्यक्षांकडं पाहिलं. ते खजिनदारांकडं बघत होते. खजिनदार कपाकडं बघत होते आणि मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, हं, दोघांनी मला वगळून ठरवलं तर! बरोबरीत काहीतरी काळंबेरं दिसलं असेल यांना. जिंकता येत असताना उस्तादांनी मुद्दाम सोडून दिलं, असंही म्हणतील. रागाने माझे कान तापले. पण विचारायचं कसं? ‘हे कुणी ठरवलं?’ असं विचारणं म्हणजे मला कुणी विचारत नाही हे चारचौघांत कबूल करणं. मी चेहरा असा केला की जणू सगळं मला आधीच ठाऊक होतं. मग लक्षात आलं, सगळ्यांनीच तसा चेहरा केला होता.

उस्ताद उठले. खुर्ची व्यवस्थित आत सरकवली. एकेकाकडं बघून सलाम केला. माझ्याकडं थोडं जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं. दारापाशी थांबून त्यांनी चपला घातल्या, त्याही सावकाश. आणि गेले. आम्ही चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी ते मैदानावर आले नाहीत. कमिटीने घाईघाईने एक ओरडणारा कोच आणला, माझी लांब किक परत आली, माणसं परत ओरडायला लागली आणि हंगाम संपताना आम्ही खालच्या गटात गेलो. तेलही गेलं, तूपही गेलं. कमिटीत मात्र सगळे एकमेकांना पाण्यात पाहत होते. अध्यक्षांना वाटायचं, ही खजिनदारांची करणी. खजिनदारांना वाटायचं, मी पोरांना फितवून हॉटेलवाल्याला सांगितलं. उघड कुणीच बोलत नव्हतं; हे सगळं मला मागाहून कळलं.

शेवटी माझाच तोल गेला. एका दुपारी मी एकटाच हॉटेलात गेलो आणि गल्ल्यावरच हॉटेलवाल्याला धरलं. “त्या दिवशी तुम्हाला खूण कुणी केली होती? खरं सांगा.”

तो माझ्याकडं बघतच राहिला. “कायकी खूण साब? उस्ताद के घर से बोल के भेजे थे, उनकू शक्कर की बीमारी निकली, चाय में शक्कर नक्को डालो. मैं फीकी चाय अलग पतेली में चढाया. वो लेके अंदर के दरवाजे तक आया तो उस्ताद जा चुके थे, वैसाच वापस ले गया.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मैं समझा, आप लोगां में कुछ बात हुई. मैं कैसा पूछता?”

शुक्रवारचा दवाखाना माझ्या डोळ्यांपुढं आला. मी तसाच सायकल मारत बेगमपुऱ्यात गेलो. वाटेत मला रडू येत होतं आणि त्याचबरोबर हॉटेलवाला खोटं तर बोलत नाही ना, असंही वाटत होतं. काय करणार, स्वभाव.

उस्ताद घरीच होते. डॉक्टरांच्या औषधासाठी इतके दिवस थांबले होते; आता बिऱ्हाड बांधून झालं होतं, चार दिवसांत हैदराबादला परत निघायचे होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. आतल्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. “हाय अल्ला! मैं ही बोल के भेजी थी.” नवऱ्याकडं बघायलाच मग त्या बिचाऱ्या तयार नव्हत्या.

उस्ताद हसले. “तुम क्यों रोते जी? बीमारी मेरी, चाय मेरी.” त्यांनी मला बसवलं. मी म्हटलं, “उस्ताद, चूक झाली. परत चला. मी कमिटीला सांगतो, वर्ष काय, दोन वर्षं देतील.”

 ते म्हणाले, “चाय की गलती माफ है मियाँ. हो जाती. पन मैं उठा, कुर्सी अंदर किया, सब कू सलाम किया, दरवाजे पे चप्पल पहना. जान के धीरे धीरे पहना. मैं साल मांगा था, वो बड़ी बात थी. उत्ती देर में एक आवाज तो दे सकते थे ना कोई?”

 त्यांच्या बायकोने चहा आणला. पहिला कप त्यांनी माझ्यापुढं ठेवला, पाहुणा म्हणून. तो मला घोटघोट करून संपवावा लागला.

पुढे मलाही साखर निघाली. आता लग्नकार्यात, मित्रांत, कुठेही गेलो तरी माझा चहा वेगळा होतो आणि सगळ्यांच्या मागून येतो. मला कारण पक्कं माहीत असतं. तरी बाकीच्यांचे कप मांडून झाले आणि माझ्यापुढची जागा रिकामी राहिली की मी आधी एकेकाचा चेहरा बघून घेतो. मग नकळत माझा हात खुर्चीच्या पाठीवर जातो, आणि कुणी ‘बसा हो’ म्हणतंय का म्हणून मी कान देऊन थांबतो.