लिनक्सचा तास आणि विट्याचा फिटर

रविवार, २१ मार्च १९९९. सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी विनोदिनी म्हैसकर सांगलीत विश्रामबागेतल्या एका शिकवणी वर्गाच्या खोलीत बाकाखाली वाकून कीबोर्डची वायर जोडत होत्या. संगणक जुना, ४८६ जातीचा, संगणक मित्रमंडळाच्या मालकीचा. त्यावर लिनक्स ही आज्ञा टाइप करून चालवायची संगणकप्रणाली त्यांनीच चढवली होती, एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून, तीन प्रयत्नांत.

तार कार्यालयात त्यांनी वीस वर्षं टेलिप्रिंटर चालवला होता. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं पाहून मंडळातल्या इतरांचा जीव घाबरा होई, त्यांचा होत नसे. जानेवारीपासून त्या महिन्यातून एकदा नवख्यांसाठी लिनक्सचा तास घेत होत्या. दोन तासांना मिळून एकोणीस जण आले, पण दुसऱ्यांदा कोणीही आलं नाही. म्हणून मंडळाचे सचिव देवदत्त यांनी निर्णय सांगून टाकला होता: आज आलेल्यांपैकी एक जण तरी आठवड्याच्या आत सरावाला परत आला तर तास चालू राहील. नाहीतर एप्रिलपासून ती वेळ मल्टिमीडियाच्या वर्गाला.

आज चौघे आले. त्यात जोतीराम, विट्याच्या एका यंत्रमाग कारखान्यातले फिटर. मालकाने संगणक घेतला होता आणि तो कोणीतरी शिकायला हवा होता.

"तुमी शिकवणार व्हय? मला वाटलं मास्तर असंल," ते म्हणाले.

"मास्तर मल्टिमीडियाला येतात. बसा."

विनोदिनीबाईंनी त्यांना चार ओळी लिहायला लावल्या. गावाचं नाव, मागांची संख्या, मालकाचं नाव, स्वतःचं नाव. जोतीराम एकेक अक्षर शोधून दाबत, ओळ झाली की साठवत होते. चौथ्या ओळीवर ट्यूबलाइट मंदावली, पंख्याचा वेग उतरला. जोतीराम ताडकन उठले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा विझला.

"आवं, व्होल्टेज पडलं. मोटर जळती," त्यांनी सांगितलं. मागावर बारा वर्षं काम केलेला माणूस दुसरं काय करणार.

मागच्या बाकावर हशा पिकला. देवदत्त दारातच होते. "झालं, बाई. मागच्या महिन्यात असंच झालं तेव्हा तुम्ही माफी मागितलीत आणि सगळं पुन्हा चढवायला घेतलंत. चौघे चहाला गेले ते गेलेच."

"आज माफी मागणार नाही," विनोदिनीबाई म्हणाल्या. त्यांनी बटण लावलं.

संगणक सुरू झाला आणि अर्ध्यात थांबला. डिस्कवर घोटाळा आहे, हाताने दुरुस्त करा, असं पडद्यावर आलं. एक नवखा चप्पल शोधू लागला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पासवर्ड दिला, दुरुस्तीची आज्ञा टाकली आणि कीबोर्ड जोतीरामांकडे सरकवला.

"तो विचारेल, हे दुरुस्त करू का. तुम्ही वाय दाबायचं, म्हणजे हो."

"किती येळा?"

"विचारेल तितक्या वेळा."

"सासऱ्यावानी हाय की," जोतीराम म्हणाले आणि दाबू लागले. एकतीस वेळा दाबलं. चप्पल शोधणारा बाकाशी येऊन उभा राहिला. बारा मिनिटांनी यंत्र नीट सुरू झालं. चौथी ओळ गेली होती, तिसरी अर्धी होती, पहिल्या दोन शाबूत होत्या.

जोतीरामांनी तुटलेल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "धागा तुटला की माग थांबतो. गाठ मारल्याबिगार पुढं जात न्हाई. ह्यो बी तसाच."

"आता याला न मारता कसं झोपवायचं ते शिका. बाकीचं नंतर." पुढचा अर्धा तास चौघांनी पाळीपाळीने एवढंच केलं: आज्ञा देऊन बंद करायचं, पडद्यावर परवानगी आली की मगच बटण. जोतीरामांनी ते सहा वेळा केलं.

निघताना त्यांनी विचारलं, "बाई, फुडं कवा?"

"पुढच्या रविवारी, सरावाला."

"रविवारी माग चालू असत्यात. आज रजा टाकून आलोय, दुसरी मिळायची न्हाई. आमची सुट्टी सोमवारी."

इतर तिघे 'बघू' म्हणून गेले होते. विनोदिनीबाई देवदत्तांकडे वळल्या. "उद्याची किल्ली द्या."

"सोमवारी मंडळ नसतं, बाई."

"तुम्ही म्हणालात आठवड्याच्या आत. रविवार म्हणाला नव्हतात."

"आणि एकट्या माणसासाठी खोली उघडायची?"

"एकच मागितला होतात."

देवदत्त जोतीरामांना म्हणाले, "येणार नक्की? का बाईंना तोंडघशी पाडणार?"

"विट्याची यष्टी बंद पडली तर चालत येतो म्हणत न्हाई. पन यष्टी चालली तर येतो."

देवदत्तांनी जुडग्यातून खोलीची किल्ली काढून दिली. हजेरीवहीत विनोदिनीबाईंनी नवं पान घेऊन तारीख घातली आणि सहीची जागा मोकळी सोडली.

उद्या, सोमवारी, बाईंची तार कार्यालयातली ड्युटी सकाळी सहा ते दुपारी दोन. विट्याहून येणारी गाडी अडीचला सांगली स्थानकात पोहोचते. खोली तीन वाजता उघडेल.