बोटीवरची एक जागा

बोटीवरची ती जागा माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. मला ओळखणाऱ्यांनी ही हकिगत इतक्यांदा ऐकली आहे की मी सुरू केली की ते उठून चहाला जातात. जाऊ देत. ज्यांनी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी लिहितो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विषय भूगोल, आणि त्यात एक पेपर हवामानशास्त्र आणि समुद्रविज्ञानाचा. घर पेठ वडगावला. आईवडील बाजारात वाळलेली मिरची विकायचे आणि शाळेत असल्यापासून सोमवारच्या बाजारी मीही पोत्यापाशी बसायचो. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की ते घेणार आहे का नुसतं चिवडून जाणार आहे, हे मला त्याच्या चपलांकडं बघून कळायचं. भाव करताना माझा आवाज चढायचा. वडील म्हणायचे, "ह्याला बाजारात बसवू नका, मिरचीपेक्षा हेच झोंबतंय."

समुद्र मी पाहिलेला नव्हता. घाट उतरला की काही तासांवर होता, पण सुट्टी म्हणजे बाजार, मग जाणार कधी? पहिल्या वर्षाला आमच्या विभागप्रमुखांनी फळ्यावर अरबी समुद्र काढला आणि बाण दाखवून सांगितलं की आपल्या किनाऱ्यालगतचा पाण्याचा प्रवाह वर्षातून दोनदा उलटा फिरतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात एकीकडं, हिवाळ्यात दुसरीकडं. एवढं पाणी वाऱ्याचं ऐकून तोंड फिरवतं, हे ऐकून मी वहीत लिहायचं विसरलो. शिकवायचे ते चांगलं. हे मी त्यांच्या पदरात टाकतो. यापुढं काही टाकणार नाही.

कॉलेजच्या मैदानामागं आमची हवामान वेधशाळा होती. वेधशाळा म्हणजे चार पायांवर उभी केलेली पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी, शेजारी पर्जन्यमापक आणि गंजलेलं वातकुक्कुट. रोज सकाळी आणि संध्याकाळी तिथले आकडे घ्यायचे आणि संध्याकाळचे आकडे गावातल्या एका दैनिकाला कळवायचे. दुसऱ्या दिवशी ते चौकटीत छापून यायचे, खाली विभागप्रमुखांचं नाव. त्या नावावर त्यांचा फार जीव होता.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी वर्गात सांगितलं की किनाऱ्यावरची एक संशोधन संस्था मे महिन्यात कॉलेजच्या मुलांना आपल्या बोटीवर नेणार आहे. खोल पाण्याचं तापमान, क्षारता, प्रवाह, सगळं प्रत्यक्ष मोजायला मिळणार. प्रत्येक कॉलेजला एकच जागा.

"जो आजपासून माघ संपेपर्यंत वेधशाळेची एकही वेळ चुकवणार नाही, तो जाईल," असं ते म्हणाले. पन्नास मुलांसमोर म्हणाले.

मी चुकवली नाही. वडगावातून पहिली एसटी धरायचो. पंचगंगेला पूर येऊन रस्ता बंद व्हायची चिन्हं दिसली की आदल्या दिवशीच हॉस्टेलवर मुक्काम टाकायचो. रविवारी गेलो. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला अंगाला उटणं तसंच ठेवून गेलो. सोमवारी बाजाराला दांडी पडायची तेव्हा वडील चिडून म्हणायचे, "तुझा थर्मामीटर आण की इकडं. मिरचीला ताप आलाय का बघू."

त्या पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी असतात. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळलेली असते आणि पट्टीचं टोक खालच्या पाण्याच्या बाटलीत सोडलेलं असतं. पट्टीतलं पाणी उडतं, फुगा गार होतो आणि तो तापमापक कमी आकडा दाखवतो. हवा जितकी कोरडी तितका दोघांतला फरक जास्त. तो फरक तक्त्यात बघितला की हवेत दमटपणा किती ते कळतं. सगळं त्या बाटलीतल्या पाण्यावर चालतं. मी ती कधी आटू दिली नाही, आणि पट्टी मळली की बदलायचो. हे काम मला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि मी करतोय हे कुणी बघतही नव्हतं.

माघ संपला. विभागप्रमुख वर्गात आले आणि बोटीवर जाणाऱ्याचं नाव वाचलं. नाव बिद्रीकडच्या एका मोठ्या बागायतदाराच्या मुलाचं होतं. आम्ही त्याला बागायतदारच म्हणायचो. मोटारसायकलवर यायचा. वडिलांचा शब्द कॉलेजच्या संस्थेत चालायचा. पेटीचं दार कुठल्या बाजूला उघडतं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

मी उठलो. "सर, वर्षभर मी येत होतो."

"आलास की. शाबास."

"मग?"

"मग काय मग? अरे, तिथं मोठी माणसं असतात, इंग्रजीत बोलायला लागतं. तू जाऊन काय करणार तिथं, पाण्याचा भाव पाडणार?"

वर्ग हसला. बागायतदार मागं वळून म्हणाला, "मिरची, वाईट वाटून घेऊ नको. तुला खारं पाणी आणतो की बाटलीतनं."

मी पेटीची किल्ली त्याच्या बाकावर आदळली आणि बाहेर पडलो. पडताना दार असं ओढलं की कडी निखळून हातात आली. ती मी मैदानात भिरकावली.

दुसऱ्या दिवसापासून आकडे बागायतदार घेऊ लागला. ऊन चढत होतं. शिमगा झाला तसं वारं कोरडं झालं, गावातल्या गच्च्यांवर आणि पत्र्यांवर मसाल्याच्या मिरच्या लाल पसरल्या. एके दिवशी मी मैदानामागनं जाताना झडपांतून आत बघितलं. बाटलीत पाण्याचा थेंब नव्हता, तळाशी एक मेलेली मुंगी होती. पट्टी वाळून लाकूड झाली होती. दोन्ही तापमापक एकच आकडा दाखवत होते.

फरक शून्य. तक्त्यात शून्याच्या पुढं शंभर टक्के. म्हणजे भर उन्हात, ओठ फुटतायत अशा हवेत, बागायतदार रोज कळवत होता की हवा पाण्यानं गच्च भरली आहे.

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी त्यातलं पाणी प्यालो आणि वर्गावर गेलो.

चूक उद्या पकडली जाईल असं मला वाटलं होतं. पण पकडणार कोण? विभागप्रमुख पेटीकडं फिरकत नव्हते, ते फक्त कागद बघायचे. आणि कागद बघून त्यांना एक कल्पना सुचली. कोल्हापूरचा उन्हाळा आता कोकणासारखा दमट होतोय, असं त्यांनी दैनिकाला सांगितलं. ते फोटोसकट छापून आलं. कॉलेजसमोरच्या चहाच्या गाड्यावर दोन दिवस तेच चाललं होतं.

"तरीच म्हटलं, एवढा घाम कशानं येतोय."

"तुला घाम उधारीनं येतोय. हवामानाचं काय घेऊन बसलास?"

"आता रंकाळ्यात पापलेट पण घावतील बघा."

मी कोपऱ्यात उभा राहून चहा घेत होतो. इतका गोड चहा मी नंतर कधी प्यालेलो नाही.

मग परीक्षेआधी चर्चासत्र ठरलं. पुण्याहून हवामानखात्यातले एक निवृत्त अधिकारी पाहुणे म्हणून येणार होते आणि आमचे विभागप्रमुख त्यांच्यासमोर आपला दमट उन्हाळा मांडणार होते. आमंत्रणं वाटून झाली आणि मगच मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. माल कधी काढायचा हे बाजारात बसणाऱ्याला सांगावं लागत नाही.

"सर, ओल्या फुग्याची बाटली कोरडी हाय," मी म्हणालो. "शिमग्यापासनं."

मग त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"अजून कुणाला न्हाय."

"काय पाहिजे तुला?"

"बोटीवरची जागा."

"नाव गेलंय रे वर. आता कसं बदलणार?"

"गेलं तसं दुसरं जाईल. फॅक्स हाय की ऑफिसात."

"चर्चासत्र होऊ दे. मग बघतो."

"न्हाय सर. आधी फॅक्स, मग माझं तोंड बंद. आणि एक. नोंदी मी घेतल्या म्हणून जागा माझी, हे वर्गात सांगायचं."

"ते जमणार नाही."

माणूस कुठं थांबणार हे मला कळतं. त्या वाक्याला ते थांबणार होते, त्यापुढं ओढलं असतं तर सौदा तुटला असता. मी बोटीवरच्या जागेवरच सौदा मिटवला. त्यांनी बागायतदाराला कावीळ झाल्याचं कळवलं आणि माझं नाव पाठवलं. फॅक्स मशीनमधून कागद पूर्ण सरकेपर्यंत मी तिथून हललो नाही. बागायतदार त्या संध्याकाळी मैदानावर व्हॉलीबॉल खेळत होता.

चर्चासत्रात तोंड उघडायचं नाही, असा शब्द मी दिला होता. तो मी पाळला. चहाच्या वेळी फक्त पाहुण्यांपाशी गेलो आणि कागदाची पुडी पुढं केली.

"काय आहे हे?" पाहुण्यांनी विचारलं. साधे, म्हातारे गृहस्थ होते.

"मिरची, सर. घरची. मसाल्याला न्या."

त्यांनी एक काढून मोडली. कट्कन मोडली. दमट हवेत मिरची चामड्यासारखी वाकते, मोडत नाही. हे मसाला करणाऱ्या कुठल्याही घरात माहीत असतं, पुण्यातही.

"सुरेख वाळलीय. कधीची?"

"ह्याच आठवड्यातली, सर. आमच्या पत्र्यावरची."

एवढंच बोललो. मागच्या रांगेत जाऊन बसलो.

विभागप्रमुखांनी पडद्यावर आलेख लावला. रेघ वर चढून छताला टेकल्यासारखी सरळ गेली होती. ते घामाघूम होऊन बोलत होते, समुद्रावरून येणारे वारे, घाटातल्या खिंडी, धरणांचं पाणी. पाहुण्यांच्या मांडीवर पुडी होती. त्यांनी नकळत आणखी एक मिरची काढली आणि मोडली. पहिल्या रांगेत तो आवाज ऐकू गेला असणार. मग त्यांनी हातातल्या तुकड्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं आणि चष्मा पुसला.

"एक विचारू का?" ते अगदी सौम्यपणे म्हणाले. "ओल्या फुग्याचं पाणी कोण भरतं?"

विभागप्रमुखांनी बागायतदाराकडं बघितलं. बागायतदार उभा राहिला आणि मनापासून म्हणाला, "पाणी? त्याला पाणी असतंय होय, सर?"

हसू सुरू झालं ते थांबेना. पाहुणे हसले नाहीत, त्यांनी उलट विभागप्रमुखांना बसायला सांगून त्यांच्यासाठी पाणी मागवलं. त्यामुळं आणखी हसले लोक. मी एकटा गंभीर होतो. मला ते दृश्य नीट बघायचं होतं.

जिन्यात विभागप्रमुखांनी मला गाठलं. "तू शब्द दिला होतास."

"तोंड उघडलं का मी, सर? पावण्याला मोकळ्या हातानं लावून देत न्हाईत आपल्याकडं."

नाव मागं घेणं त्यांना आता शक्य नव्हतं; काविळीचं काय सांगणार होते? मे महिन्यात मी बोटीवर गेलो. समुद्र पहिल्यांदा बघितला तो धक्क्यावरून, आणि तासाभरात त्याच्यात ओकलो. सबंध मुक्काम ओकत होतो. बाकीची मुलं खाली जाऊन झोपायची. मी एका हातात बादली आणि एका हातात खोल पाण्यातून वर काढलेला नमुना धरून माझी पाळी पुरी करायचो. ती जागा रिकामी दिसलेली मला चालणार नव्हती. तिथल्या एका शास्त्रज्ञ बाई हे बघत होत्या. उतरताना म्हणाल्या, "एम.एस्सी.ला इकडं ये. गुण तेवढे आण."

गुण विभागप्रमुखांच्या हातात होते. तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला त्यांनी मला पास केलं, काठावर. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न विचारला आणि उत्तर सुरू असताना पुढच्या मुलाला बोलावलं. एम.एस्सी.च्या यादीत माझं नाव लागलं नाही. बोट त्यांनी दिली आणि समुद्र काढून घेतला. सौद्यात मी एक वर्ष पुढचं बघायला पाहिजे होतं, ते बघितलं नाही, आणि हा राग माझा माझ्यावरही आहे. पण मोठा वाटा त्यांचाच.

मी धंद्यात पडलो. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवायचं. भाव करता येतो आणि तापमापक ओळखता येतो, दोन्ही कामाला आलं. दोन हजार सालानंतर गावोगावी नवी कॉलेजं निघाली तसा धंदा वाढला. आमच्या जुन्या कॉलेजाकडून मागणी आली की मी माल नाही म्हणून कळवतो. माल समोर असतो तेव्हाही.

विभागप्रमुख निवृत्त झाले आणि रोज कळंब्याच्या तलावावर फिरायला येऊ लागले. हे कळल्यावर मीही तिथं फिरायला जाऊ लागलो. मला चालायची हौस नाही. ते दिसले की नमस्कार करतो, वाकून, सगळ्यांच्या देखत. ते मान फिरवतात. त्यांनी वेळ बदलली तर मीही बदलतो.

परवा मात्र ते बांधावर थांबले. दम लागला होता.

"तुझं पोट भरलं न्हाई होय रे अजून?"

"न्हाय, सर."

"सगळ्या गावानं हसून घेतलं मला. अजून हसतात. सोड की आता."

"मला काय मिळालं, ते सांगा की. मग सोडतो."

ते तलावाकडं बघत राहिले. मी थांबलो, सौद्यात घाई करायची नसते. मग ते म्हणाले, "नोंदी तू घेतल्या होत्यास. जागा तुझी होती."

हेच वाक्य मी केबिनमध्ये मागितलं होतं. तेव्हा ते पन्नास जणांसमोर बोललेलं हवं होतं. आता आमच्याजवळ एक म्हैस सोडली तर कुणी नव्हतं.

"वर्गात सांगायचं होतं, सर," मी म्हणालो. "इथं ऐकायला कोण हाय?"

ते चालायला लागले. मीही निघालो, त्यांच्या मागं, ऐकू जाईल इतक्या अंतरावर चपला वाजवत.