ठकीचा घास

आष्टीत अप्पाराव गिरणीवाल्यांचं नाव निघालं, की लोक आधी त्यांच्या नाकाबद्दल बोलत. दिसायला साधंच, पिठानं कायम पांढरं झालेलं नाक. पण दळणाचा डबा उघडला, की अप्पाराव खाली न वाकताच सांगायचे, "ही ज्वारी भिजली व्हती बाई. ऊन दाखवून आणा, मंग दळू." एखादी बाई हट्टाला पेटली तरी पट्टा सुरू व्हायचा नाही. आपल्या गिरणीतलं पीठ लोकांच्या पोटात जातं, एवढंच ते म्हणायचे आणि पुढचा डबा ओढायचे. बायका तोंडं वाकडी करून जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच दारात उभ्या राहायच्या.

पन्नाशीत त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली. तेव्हापासून मटण-मासळी तर सुटलीच, पण तिच्याकडं बघायचं नाही आणि तिचा वासही घ्यायचा नाही, असा नेम त्यांनी स्वतःला लावून घेतला. बायको चतुराबाई मोठी ठसक्याची. "माळ तुमची, जीभ माझी," म्हणाली, आणि अंगणातल्या लिंबाखाली तिनं आपली दुसरी चूल मांडली. त्या चुलीचं जर्मनचं पातेलं वेगळं, पळी वेगळी. बाजाराच्या दिवशी तिचा रस्सा उकळायला लागला, की अप्पाराव मारुतीच्या पारावर जाऊन बसत आणि ती हाक मारेपर्यंत परतत नसत. या व्यवस्थेवर दोघांचा संसार सुखाचा चालला होता.

घरात तिसरी होती ठकी. गिरणीतल्या पोत्यांमागे सापडलेलं हे पांढरं-काळं पिल्लू उंदरांच्या बंदोबस्तासाठी म्हणून ठेवलं, आणि बघता बघता घराची मालकीण होऊन बसलं. गिरणी बंद झाली, तशी ठकीही म्हातारी झाली. मूत्रपिंडं अधू झाली. परतूरच्या जनावरांच्या डॉक्टरनं चतुराबाईला बजावून सांगितलं, "पाकिटातलं खाणं बंद. घरचंच द्या. ताजी कोंबडी आणि थोडी कलेजी, नुसत्या पाण्यात शिजवलेली. मीठ नाही, कांदा नाही, मसाला नाही. आणि शिळं बिलकुल नाही. तिला सोसायचं नाही."

चतुराबाईनं हे मनावर घेतलं ते असं, की पोटच्या पोरीसाठी, दीपमालासाठी, एवढं कधी केलं नसेल. पप्पूच्या चिकनच्या दुकानासमोर ती ठाण मांडून उभी राहायची. कोंबडी स्वतः निवडायची, डोळ्यांसमोर कापून घ्यायची, आणि कलेजी तळहातावर घेऊन नाकाशी धरायची. पप्पू वैतागायचा. "मावशी, मांजराला द्यायचंय का जावयाला?" ती म्हणायची, "जावई आजारी पडला तर दवाखान्यात बोलंल तरी. हिला कुठं बोलता येतं?"

गेल्या माघात चतुराबाई गेली. सकाळी पाणी तापवताना छातीवर हात ठेवून खाली बसली, ती उठलीच नाही.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे आले, बाभळीवर ओळीनं बसले, आणि बसूनच राहिले. दीपमाला जुन्या जालन्याहून आली होती. ती रडत म्हणाली, "आई, बाबाला मी सांभाळीन." कावळा हलला नाही. भावकीतल्या कुणी शेताचं कबूल केलं, कुणी वर्षश्राद्धाचं. ऊन चढलं, भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेव्हा अप्पाराव पुढं आले, हात जोडले आणि म्हणाले, "ठकीचं खाणंपिणं मी बघीन. तू करत व्हती तसंच करीन." ते शब्द तोंडातून बाहेर पडतात न पडतात, तोच एक कावळा खाली उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. लोकांच्या अंगावर काटा आला. अप्पारावांच्या तर मनात ते कायमचं कोरलं गेलं.

पण वचन देणं वेगळं आणि माळकऱ्यानं कोंबडीच्या दुकानात जाणं वेगळं. पहिल्या दिवशी अप्पाराव सायकल घेऊन पप्पूच्या दुकानाकडं वळले, तर चौकातली सगळी तोंडं वळली.

"काय बुवा, माळ उतरवली का काय?"

"बायको गेली अन् जीभ सुटली वाटतं!"

अप्पारावांचे कान तापले. त्यांनी रस्त्यापलीकडच्या पिंपळाखाली सायकल लावली, दुकानाकडं पाठ केली आणि तिथूनच हाळी दिली, "पप्पू, ठकीचं दे. तुझी मावशी नेत व्हती तसं." मागून कोंबडीचा कलकलाट ऐकू आला, मग सुऱ्याचा आवाज, मग शांतता. पप्पूनं काळी पिशवी आणून हँडलला अडकवली. घरी येऊन त्यांनी उपरण्यात कापूर घातला, नाकातोंडाला करकचून बांधलं, आणि मान वळवून सांडशीनं ते मांस पातेल्यात टाकलं. शिजलं, निवलं, ठकीनं चाटूनपुसून खाल्लं. अप्पारावांचे डोळे भरून आले. आपण अगदी तिच्यासारखंच केलं, असं त्यांना वाटलं.

हाच मग रिवाज पडला. पिंपळ, पाठ, पिशवी, कापूर. पप्पूनं काय दिलं हे अप्पारावांनी एकदाही पाहिलं नाही.

चैत्र सरला, उन्हं भाजायला लागली. वीज दुपारदुपार जायची. त्या दिवसांत एक बदल झाला, तो अप्पारावांच्या कानांनी टिपला. पाठीमागचा कोंबडीचा कलकलाट ऐकू येईनासा झाला. सुऱ्याचा आवाजही नाही. हाळी दिली की पिशवी लगेच हँडलला यायची. अप्पाराव मनातून सुखावले. आपल्यामुळं जीव जातोय, हे निदान कानावर तरी पडत नाही, असं म्हणून त्यांनी देवाचे आभार मानले. आभार मानायला माणूस किती घाई करतो बघा.

मग ठकी खाईना. ती ताटलीपाशी यायची, मान पुढं करायची, आणि नाक आक्रसून मागं सरायची. पुढच्या पायांनी माती ओढल्यासारखं करून ताटली झाकायला बघायची. अप्पारावांनी ओळखलं की ती चतुराबाईसाठी झुरतेय. त्यांनाही घास कुठं गोड लागत होता?

उरलेलं मांस त्यांनी अंगणाच्या भिंतीवर कावळ्यांसाठी ठेवलं. कावळे आले. लिंबावर ओळीनं बसले, माना तिरप्या करून खाली बघत राहिले, आणि एकही उतरला नाही.

अप्पारावांना दहावा आठवला. तोच लिंब, तिचीच चूल, आणि ओढ्याकाठी बसले होते तसेच कावळे. त्यांनी हात जोडले. "काय चुकलं माझं? रोज आणून राह्यलो, रोज शिजवून राह्यलो. आणिक काय करू?" कावळे काव काव करत उडून गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर कावळे आलेच नाहीत आणि भिंतीवरचं मांस माश्यांनी काळं झालं. ठकी उपाशी आहे म्हणून चतुरा नाराज आहे, हा अर्थ त्यांच्या डोक्यात पक्का बसला. वचन दिलंय तर पोटात घास गेलाच पाहिजे.

डॉक्टरनं औषध पाजायला बिनसुईची पिचकारी दिली होती. अप्पारावांनी शिजलेलं मांस कुस्करून पातळ केलं, चतुराबाईच्या जुन्या लुगड्यात ठकीला गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. आयुष्यात जिनं कुणाला नख लावलं नव्हतं, तिनं त्यांच्या मनगटावर रक्त काढलं. ते तसंच गळू देत ते म्हणत राहिले, "खा गं बाई. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी खा." तोंडाच्या कोपऱ्यातून पिचकारीनं थोडं थोडं सोडायचं, गळा चोळायचा, गिळेपर्यंत तोंड धरून ठेवायचं. सकाळी आणि संध्याकाळी. उपरणं आता दिवसभर नाकाला घट्ट बांधलेलंच.

शेजारची साळूबाई चतुराबाईची मैत्रीण. ती पदर नाकाला लावून दारात आली. "भाऊजी, काय शिजवून राह्यले? वास बराबर न्हाई."

चौकातले टोमणे ऐकून ऐकून अप्पाराव आधीच कातावले होते. "मांसाचा वास आणिक कसा असतो? अत्तराचा?"

"मी खाणारी बाई हाय, मला कळतं. फेका ते."

"तुम्हाला बी माझ्या माळेवरच बोलायचंय ना? बोला." त्यांनी दार लावून घेतलं.

दीपमालाचा फोन आला. ठकीला ओकाऱ्या होतायत, हे त्यांनी ओघात सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरला दाखवा जल्दी. आणि तोवर ते खाऊ घालणं बंद करा." अप्पाराव म्हणाले, "खाणं बंद कामून करू? खात न्हाई म्हणून तर तिला ताकद न्हाई. परवा जाणाराय मी परतूरला." परवा म्हणजे बाजाराच्या दिवशी, जीप मिळते म्हणून.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी ठकी जागेवर नव्हती. पातेलं चुलीवर ठेवून अप्पाराव तिला शोधायला निघाले. गिरणीच्या खोलीत, बंद पडलेल्या जात्याखाली, लहानपणी लपायची त्याच सांदीत ती पडलेली होती. डोळे उघडे, पण ओळख नव्हती. त्यांनी आडवं होऊन हात आत घातला. तिला बाहेर ओढताना उपरण्याचं टोक गिरणीच्या बोल्टात अडकलं, गाठ सुटली आणि कापूर कुठल्या कुठं पडला. ठकीला छातीशी धरून ते अंगणात आले.

आणि चुलीवरच्या पातेल्याचा वास त्यांच्या नाकात शिरला.

पंधरा-वीस वर्षं त्यांनी मांसाचा वास घेतला नव्हता. पण हा वास त्यांच्या ओळखीचा होता. पावसात कुजलेल्या पोत्याचा, आत अळ्या पडलेल्या धान्याचा, जो डबा त्यांनी जन्मभर दारातून परत पाठवला, तोच हा वास. नासलेलं सगळं एकाच वासाचं असतं, हे त्यांच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? ते तसेच उभे राहिले. ठकीच्या मिशांना, त्यांच्या स्वतःच्या बोटांना, चतुरेच्या लुगड्याला, सगळ्याला तोच वास होता. मांजर रोज सांगत होती. कावळे सांगत होते. साळूबाईनं तर दारात येऊन सांगितलं होतं.

त्यांची हाक ऐकून साळूबाईच्या मुलानं मोटारसायकल काढली, पण ती दारात येईपर्यंत ठकी त्यांच्या हातात ताठली होती.

त्यांनी तिला लुगड्यात ठेवलं आणि चालतच चौकात गेले. पिंपळाखाली थांबले नाहीत. थेट दुकानासमोर, पप्पूकडं तोंड करून उभे राहिले. पप्पू दचकला.

"बुवा, आज इकडं?"

"काय देत व्हता तू मला?"

पप्पूनं सुरा खाली ठेवला. "उरलेलं व्हतं, बुवा. काल-परवाचं. फ्रीज चालत न्हाई, वीज कुठं ऱ्हाते? मला वाटलं मांजरालाच तर हाय, उकळून देतेत." मग थोडं थांबून, खाली बघत म्हणाला, "तुम्ही कधी काही म्हणले न्हाई. मावशी असती तर माझ्या तोंडावर फेकून मारलं असतं."

अप्पाराव भांडायला आले होते. शिव्या ओठांपर्यंत आल्या होत्या. त्या तिथंच थिजल्या, कारण शेवटचं वाक्य खरं होतं.

"एक कोंबडी काप," ते म्हणाले. "माझ्या समोर."

त्यांनी मान वळवली नाही. कोंबडीचा कलकलाट ऐकला, सुरा पाहिला. पप्पूनं कलेजी पुढं केली. गळ्यात माळ असताना अप्पारावांनी ती तळहातावर घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. नुसता ओल्या रक्ताचा, स्वच्छ वास. यावेळी कुणीही टोमणा मारला नाही.

घरी येऊन त्यांनी पातेलं घासलं. कापूर न घेता, उघड्या तोंडानं ती कलेजी नुसत्या पाण्यात शिजवली. लिंबाखाली खड्डा खणून ठकीला लुगड्यासकट ठेवलं. मग भिंतीवर घास मांडला आणि मागं सरले. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. चतुरेची माफी मागायची होती, ठकीची मागायची होती, कावळा तासन्‌तास हलला नाही तरी उन्हात उभं राहायची त्यांची तयारी होती. तेवढी शिक्षा त्यांना हवीच होती.

हात जोडायला त्यांनी वर उचलले, तेवढ्यात लिंबावरून एक कावळा सरळ खाली आला, कलेजी चोचीत धरली आणि उडून गेला. त्याच्यामागं दुसरा आला, राहिलेलं घेऊन गेला. भिंत रिकामी झाली.

अप्पाराव अर्धवट उचललेल्या हातांनी तिकडं बघत राहिले, आणि मग चतुरेच्या चुलीपाशी खाली बसून मोठ्यानं रडले.

"वास तर घ्यायचा व्हता गं," ते म्हणत होते. "नुसता वास घ्यायचा व्हता."